पोपट थकला, हे सांगायचे कुणी?

अकबर-बिरबलाची ती गोष्ट आपण सगळ्यांनीच लहानपणी ऐकलेली आहे. बादशहाचा एक लाडका पोपट असतो. त्याच्या मरणाची बातमी जो आणील त्याचे डोके उडवले जाईल, असा बादशहाचा हुकूम असतो. एके दिवशी पोपट खरोखरच मरतो आणि नोकरांची गाळण उडते. शेवटी बिरबल दरबारात जातो. पोपट चोच उघडत नाही, पंख हलवत नाही, डोळे मिटून आणि पाय वर करून स्वस्थ पडला आहे, असे तो एकेक सांगत जातो. 'अरे, म्हणजे मेला की!' असे अखेर बादशहाच बोलून बसतो.

गोष्ट ऐकून आपण हसतो. पण ज्या घरात पिंजरा आहे आणि पिंजऱ्यातला पक्षी म्हातारा झाला आहे, त्या घरात रोज हाच दरबार भरलेला असतो. दिसत सगळ्यांना असते. दाणे वाटीत तसेच उरतात. दांडीवर ऐटीत बसणारा पक्षी तळाशी अंग फुगवून बसतो. पहाटे घर डोक्यावर घेणारा दिवसभर मुका राहतो. पण बोलत कुणी नाही. सुनेला वाटते, सासूबाईंना लागेल. सासूबाई म्हणतात, नातवाची परीक्षा होऊ दे. घरातले कर्ते पुरुष 'हवा बदलली आहे, होईल बरा' असे म्हणून वर्तमानपत्र उघडतात. आणि ज्याला खरोखर सोसावे लागते आहे, त्याला सांगता येत नाही.

कुत्रा-मांजर आजारी पडले तर आपण चारजणांना विचारतो. पक्ष्याबद्दल विचारायला मात्र संकोच वाटतो. 'मूठभर जीव तो, एवढे काय?' असे कुणी म्हणेल, अशी भीती असते. म्हणून आज मुद्दाम या मूठभर जिवाबद्दल बोलू.

म्हातारपण की आजारपण?

पहिला प्रश्न असा, की पक्षी खरोखर म्हातारा झाला आहे का? आपल्याकडे सरसकट 'लव्हबर्ड' म्हणून विकले जाणारे छोटे रंगीत पक्षी बहुधा बजरिगार असतात. त्यांचे आयुष्य साधारण ५ ते १० वर्षांचे. खरे लव्हबर्ड १० ते १५ वर्षे जगतात, तुरेवाला कॉकटील १५ ते २० वर्षे. मोठे पोपट तर कधी कधी मालकाच्याही पुढे जातात. अमेरिकेत शिकागोजवळच्या ब्रुकफील्ड प्राणिसंग्रहालयात 'कुकी' नावाचा एक काकाकुवा होता. १९३४ साली तो तिथे आला आणि २०१६ च्या ऑगस्टमध्ये वयाच्या ८३ व्या वर्षी गेला. तेव्हा चार वर्षांचा कॉकटील मलूल दिसला तर 'वय झाले' म्हणून सोडून देण्यात अर्थ नाही. तो आजारी आहे.

पक्षी आपला आजार लपवतात. रानात जो अशक्त दिसला, त्याच्यावर शिकाऱ्याची नजर आधी पडते. ही सवय पिंजऱ्यातही सुटत नाही. म्हणूनच 'काल तर चांगला होता हो!' हे वाक्य पक्ष्यांच्या डॉक्टरांना वरचेवर ऐकावे लागते. काल तो चांगला नव्हता, काल त्याला लपवणे जमत होते, एवढेच.

यावर एक सोपा उपाय आहे. स्वयंपाकघरातला ग्रॅम दाखवणारा वजनकाटा घ्या आणि आठवड्यातून एकदा, शक्यतो सकाळी दाणे घालण्यापूर्वी, पक्ष्याचे वजन करून कॅलेंडरवर लिहा. कॉकटीलचे वजन साधारण ९० ग्रॅम असते. त्यातले ९-१० ग्रॅम कमी होणे म्हणजे ६० किलोच्या माणसाचे सहा किलो उतरण्यासारखे आहे. पिसांमुळे हे डोळ्यांना दिसत नाही. छातीच्या मधले उभे हाड बोटाला टोचू लागले, बसल्या जागी श्वासाबरोबर शेपूट खालीवर होऊ लागले, किंवा पक्षी दांडी सोडून तळाशी बसू लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यावे.

यातले पुष्कळ पक्षी बरे होतात. वर्षानुवर्षे नुसते राळे-बाजरीवर किंवा सूर्यफुलाच्या बियांवर वाढलेल्या पक्ष्याला अ जीवनसत्त्व कमी पडते, यकृतावर चरबी चढते. कुणाची चोच इतकी वाढते की त्याला दाणा फोडता येत नाही, आणि घरातले म्हणतात, अन्न सोडले! कुणाच्या पायांचे सांधे आखडतात. अशा वेळी दांडी खाली आणायची, तिच्यावर मऊ सुती कापड गुंडाळायचे, वाट्या जवळ ठेवायच्या, थंडीत ऊब द्यायची. मोतीबिंदू झालेल्या पक्ष्याच्या पिंजऱ्यातली मांडणी मात्र बदलायची नाही, कारण त्याला सगळे पाठ असते. एवढ्यानेही कित्येक पक्षी वर्ष-दोन वर्षे सुखाने काढतात. कुकीचेही तसेच झाले होते. लोकांसमोर राहणे त्याला झेपेनासे झाले, तेव्हा २००९ साली त्याला प्रदर्शनातून काढून रखवालदारांच्या खोलीत मुक्कामाला आणले. माणसांच्या ओळखीच्या सहवासात त्याची भूक आणि तब्येत सुधारली, आणि त्यानंतर तो आणखी सात वर्षे जगला.

तेव्हा निरोपाचा विचार करण्याआधी एवढी खात्री झालीच पाहिजे. पक्ष्यांचा अनुभव असलेले डॉक्टर लहान गावात सापडत नाहीत, हे खरे. पण परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय, मुंबई, नागपूर आणि शिरवळची पशुवैद्यकीय महाविद्यालये, उत्तरेत बरेलीजवळ इज्जतनगरची संस्था, अशी ठिकाणे आहेत. जवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारले तर बहुधा वाट सापडते. घरच्या घरी आपल्या तापाच्या किंवा दुखण्याच्या गोळ्या कुटून देणे मात्र कटाक्षाने टाळावे. एवढ्याशा शरीराला तेवढे औषध घातक ठरते.

पिंजऱ्याचे दार उघडणे

'सोडून देऊ या त्याला. शेवटचे दिवस तरी मोकळ्या आभाळात जाऊ देत.' हा विचार पुष्कळ घरांत निघतो. मनाला तो बरा वाटतो, पुण्याचाही वाटतो. पण त्यात पक्ष्याचे हित नाही. पंधरा वर्षे वाटीतले दाणे खाल्लेल्या पक्ष्याला दाणा शोधणे ठाऊक नसते, त्याच्या पंखांत बळ नसते, घारीची सावली कशी ओळखायची हे त्याला कुणी शिकवलेले नसते. बजरिगार आणि कॉकटील तर मूळचे ऑस्ट्रेलियाचे. आपल्याकडच्या आभाळात त्यांचे कुणी नाही. गच्चीवरून उडवलेला म्हातारा पक्षी बहुधा दोन-चार गल्ल्यांपलीकडे कावळ्यांच्या किंवा मांजराच्या तावडीत सापडतो. फरक एवढाच, की ते आपल्याला पाहावे लागत नाही.

आपला हिरवा, गुलाबी कंठीचा पोपट ही वेगळी गोष्ट आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तो पाळणे, विकणे आणि विकत घेणे गुन्हा आहे. तरीही वाड्यात किंवा चाळीत पंचवीस-तीस वर्षांपूर्वी आणलेला एखादा पोपट कुठे कुठे असतो, आणि घाबरून लोक त्याला डॉक्टरकडेही नेत नाहीत. त्यालाही असे उडवून देऊ नये, आणि उपचारांवाचून कुजतही ठेवू नये. वनखात्याच्या ताब्यात देणे हा सरळ मार्ग आहे.

बडोद्याची आजी

बडोद्यातल्या एका मराठी घरातली हकीकत सांगतो. नावे सांगत नाही. त्या घरात सतरा वर्षांचा एक कॉकटील होता, बंटी. आजोबा संध्याकाळी जिना चढताना ठरावीक शीळ घालत, आणि बंटी ती जशीच्या तशी उचलून घराला वर्दी देई. आजोबा जाऊन सहा वर्षे झाली, तरी संध्याकाळी साडेसहाला ती शीळ घरात वाजत असे. आजी गॅसवर चहाचे आधण ठेवीत. चहा कुणासाठी, हे त्यांना कुणी विचारीत नसे.

मग बंटीच्या पोटात गाठ झाली. डोळ्यांत आधीच मोतीबिंदू होता. वजन ९२ ग्रॅमवरून ७१ वर आले. श्वास घेताना मान पुढे ताणावी लागे. क्ष-किरण तपासणी झाली, औषधे झाली. शस्त्रक्रिया त्याला झेपणार नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. पुढचा मार्ग कोणता, तेही सांगितले. सून घरी येऊन चार दिवस गप्प होती. आजींना कसे सांगायचे? तिच्या दृष्टीने ती नुसत्या पक्ष्याची गोष्ट नव्हती. त्या घरात आजोबांची तेवढीच खूण उरली होती.

पाचव्या दिवशी आजी स्वतःच म्हणाल्या, ''मला ने गं त्या डॉक्टरांकडे.''

डॉक्टर तरुण, गुजराती, पण मराठी चांगले बोलणारे. त्यांनी गाठीबद्दल काही सांगितले नाही. विचारले, ''आजी, यानं शीळ कधीपासून घातलेली नाही?''

आजी थोडा वेळ थांबल्या. म्हणाल्या, ''दिवाळीपासून नाही, डॉक्टर.''

तेव्हा संक्रांत होऊन गेली होती.

''आणि तरी तुम्ही चहा ठेवता?''

''ठेवते की. सवय झालीय.'' मग सुनेकडे वळून त्या म्हणाल्या, ''त्याचं गाणं केव्हाच संपलं गं. माझ्यासाठी बिचारा श्वास घेतोय.''

''आई, तुम्ही म्हणाल तसं करू,'' सून म्हणाली.

''मी म्हणाले ना आता,'' आजी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरातली सगळी माणसे गेली. आजींनी बंटीला आपल्या जुन्या सुती पातळाच्या तुकड्यात गुंडाळून नेले होते. पाच-सात मिनिटांत सगळे झाले.

ही हत्या नव्हे का?

हा प्रश्न आपल्या घरांत उठणारच, आणि तो उठावा. 'जो जीव आपण देऊ शकत नाही, तो घेणारे आपण कोण?' या प्रश्नाला हसण्यावारी नेता येत नाही.

१९२८ साली हाच प्रश्न साबरमतीच्या आश्रमात उठला होता. आश्रमातले एक वासरू जबर जायबंदी होऊन पडले होते. त्याला कूस बदलणेही असह्य होत होते, आणि वैद्यकीय इलाज खुंटले होते. गांधीजींनी आश्रमातल्या मंडळींशी चर्चा केली. तिथेही विरोधाचा सूर निघाला. अखेर त्यांनी डॉक्टरांना बोलावले, आणि त्यांच्या समक्ष इंजेक्शन देऊन त्या वासराच्या यातना संपवण्यात आल्या. हे गुपचूप झाले नाही. गांधीजींनी 'नवजीवन'मधून त्याबद्दल लिहिले आणि देशभरातून संतापाची पत्रे ओढवून घेतली. अहिंसा म्हणजे केवळ जीव न घेणे नव्हे, यातनेत तडफडणाऱ्याकडे नुसते पाहत राहणे ही अहिंसा होत नाही, अशी त्यांची भूमिका होती. १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्यातही, ज्या प्राण्याला जिवंत ठेवणे हीच क्रूरता ठरेल, त्याच्या यातना संपवण्याची तरतूद आहे.

दुसरी वाटही आपल्याच देशात आहे, आणि तीही आदराची आहे. दिल्लीत लाल किल्ल्यासमोरच्या दिगंबर जैन लाल मंदिराच्या आवारात पक्ष्यांचे धर्मादाय रुग्णालय आहे. १९२९ पासून चालत आलेल्या या कामात प्रत्येक जिवाची सेवा करणे हाच धर्म मानला जातो. तुमच्या घराची श्रद्धा तशी असेल, तर इंजेक्शनचा आग्रह कुणी करू नये. पण वाट पाहायची म्हणजे काहीच करायचे नाही, असे नव्हे. डॉक्टरांकडून वेदना कमी करणारे औषध घ्या, त्याला ऊब आणि शांतता द्या, थेंबाथेंबाने पाणी द्या, रात्री उठून पाहा. ही सेवा करायची नाही आणि इंजेक्शनही नको, ही तिसरी वाट मात्र फक्त आपल्या सोयीची असते.

आणि सोय दुसऱ्या बाजूनेही शिरते, हेही सांगायला हवे. पक्षी घाण करतो, गावाला जाता येत नाही, नवा रंग द्यायचा आहे, म्हणून 'म्हातारा झालाच आहे, संपवून टाका' असे म्हणत येणारेही असतात. इलाज आहे आणि जगण्यात त्याला अजून गोडी आहे, अशा पक्ष्याचा निरोप घेणे म्हणजे दया नव्हे.

मग वेळ ओळखायची कशी?

पुस्तकी यादीपेक्षा आपल्या पक्ष्याचीच यादी करा. त्याला जिवापाड आवडणाऱ्या चार गोष्टी कागदावर लिहा. कुणाला अंघोळीचे भांडे आवडते, कुणाला पेरूची फोड, कुणाला खांद्यावर बसून केसांशी खेळणे, कुणाला कुकरच्या शिट्टीला उत्तर देणे. मग रोज रात्री कॅलेंडरवर एक खूण करा. आज यातले काही केले का? चांगला दिवस असेल तर टिंब, वाईट असेल तर फुली.

मनाचा भरवसा धरू नका, कारण मन एका चांगल्या तासावर पूर्ण आठवडा चांगला ठरवते. कॅलेंडरला तसे करता येत नाही. त्या चार गोष्टींपैकी एकही उरली नाही, फुल्या टिंबांपेक्षा जास्त झाल्या, आणि डॉक्टरांनी 'आता यावर इलाज नाही' असे सांगितले, अशा तिन्ही गोष्टी जुळल्या, की वेळ आली आहे असे समजावे. श्वास घ्यायलाच धडपड होत असेल किंवा उपचार करूनही वेदना थांबत नसतील, तर फुल्या मोजत बसू नये. डॉक्टरांना सरळ विचारावे, ''हा पक्षी तुमचा असता तर तुम्ही काय केले असते?'' चांगला डॉक्टर या प्रश्नाचे उत्तर टाळत नाही.

हे काम डॉक्टरांकडूनच करून घ्यावे. आधी भुलीचा वायू हुंगवून पक्ष्याला गाढ झोपवतात, मग इंजेक्शन देतात. त्यामुळे त्याला सुई कळत नाही. 'आधी भूल देणार ना?' एवढे विचारून खात्री करून घ्यावी. घरगुती उपाय कुणी कितीही मायेने सुचवले, तरी ते क्रूर असतात. ते करू नयेत.

घरातल्यांना काय सांगाल?

खरे सांगा. मुलांना 'तो उडून गेला' असे सांगितले, तर मूल महिनाभर खिडकीत उभे राहते, आणि पुढे खरे कळले की आपल्यावरचा त्याचा विश्वास उडतो. 'तो खूप आजारी होता, बरा होणार नव्हता, त्याला फार दुखत होते, म्हणून डॉक्टरांनी त्याला शांतपणे मरू दिले,' एवढे सात-आठ वर्षांच्या मुलाला पुरते. 'झोपवले' हा शब्द मात्र जपून वापरावा, नाहीतर मुले रात्री झोपायला घाबरतात. घरातल्या वडीलधाऱ्यांना तर आधीच विश्वासात घ्यावे. बहुतेक वेळा त्यांना ते आपल्याआधी कळलेले असते. बडोद्याच्या आजींना कळले होते, तसेच.

पक्षी दोघांचा जोडीदार असेल, तर मागे राहिलेल्याकडे पुढचे काही दिवस जास्त लक्ष द्या. त्याचे खाणे आणि वजन पाहा. त्याच्या पिंजऱ्यात लगेच नवा पक्षी कोंबू नका. एकापाठोपाठ एक पक्षी दगावत असतील, तर ते वय नव्हे, साथ असू शकते. तेव्हा उघड्या हातांनी काही न उचलता पशुसंवर्धन खात्याला कळवावे.

एरवी अंगणात किंवा परसात हातभर खोल खड्डा करून पुरावे. पिंजरा साबणाच्या पाण्याने धुवावा, उन्हात वाळवावा. तो लगेच भरायची घाई नको, आणि रडणाऱ्याला 'एका पक्ष्यासाठी एवढे?' असे कुणी म्हणू नये. सतरा वर्षे म्हणजे एका मुलाचे बालवर्गापासून महाविद्यालयापर्यंतचे सगळे दिवस. तेवढे दिवस जो रोज सकाळी आपल्याआधी उठून हाक मारीत होता, त्याची हाक बंद झाली, तर घर काही दिवस सुनेसुने वाटणारच.

ज्या घरांत आज असा पिंजरा आहे, त्यांनी एवढेच करावे. आज रात्री जेवणे झाली, की टीव्ही बंद करून सगळ्यांनी दहा मिनिटे एकत्र बसावे आणि कुणीतरी एकाने विचारावे, 'याला आता कसे वाटत असेल?' बादशहाच्या दरबारात ते विचारायला बिरबल लागला. आपल्या घरात कुणाचे डोके उडणार नाही.